दिवाणखान्यापर्यंतची दलाली

आमच्या घरातल्या तीन पिढ्या सरकारी नोकरीत गेल्या. कुणी फार मोठं झालं नाही, पण रस्त्यात कुणाला कुणी अरेतुरे केलं नाही, आणि वडिलांच्या मते याहून जास्त काही मागणं हा हावरटपणा होता. ते अदालतीत पेशकार होते, म्हणजे मुन्सिफासमोर उभं राहून मिसलीतले, खटल्याच्या फायलीतले, कागद वाचून दाखवायचे. तीस वर्षं लोकांची भांडणं मोठ्यानं वाचून त्यांच्याजवळचे शब्दच संपले असावेत, कारण घरी आल्यावर ते "हं" आणि "पाणी" एवढंच बोलत. उरलेलं सगळं बोलणं मी करत असे.

मी तेवीस वर्षांचा होतो आणि एका कचेरीत उमेदवार होतो. उमेदवारानं रोज वेळेवर जायचं, नकला करायच्या, पगार मागायचा नाही आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. जागा रिकामी व्हायची तर कुणीतरी मरायला हवं. आमच्याकडचे अहलकार, म्हणजे पक्के कारकून, सगळे म्हातारे, दम्यानं धापा टाकणारे, पण मरायचं नाव काढत नव्हते. सकाळी मी त्यांना आदाब केला की ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत, की मी जणू त्यांची नाडीच बघायला आलोय.

दोन वर्षं अशी गेली आणि मग एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या. विद्यापीठात शिकवायला उत्तरेकडून एक प्रोफेसर आले होते. नारायणगुड्यात, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, ते घामाघूम होऊन भाड्याचं घर शोधत होते. शेजारच्यांचं एक घर रिकामं पडलं होतं. मी किल्ली मागून आणली, घर दाखवलं, हवा कुठून येते ते हात पसरून समजावलं, नसलेली हवा छातीभर घेऊनही दाखवली. दुपारच्या आत सौदा झाला. दोन्ही बाजूंनी माझ्या हातात एकेक पाकीट ठेवलं. दोन वर्षांत फायलींखेरीज माझ्या हातात कुणी काही ठेवलं नव्हतं. मला वाटलं, मी यासाठीच जन्मलो.

चौथ्या दिवशी हुकूम आला. आदिलाबादकडच्या जंगलातल्या एका तालुक्यात अहलकाराची पक्की जागा, आणि पुढच्या सरकारी महिन्याच्या, खुर्दादच्या, पहिल्या तारखेला हजर व्हायचं. हातात बावीस दिवस होते.

घरी मी पेढ्यांआधीच विषय काढला. शहर कसं पसरतंय ते सांगितलं. तारनाक्याकडे विद्यापीठाच्या इमारती उठताहेत, हिमायतनगरात बंगले होताहेत, जुनी माणसं घरं विकून तिकडे निघालीत, नवी माणसं बाहेरून येताहेत, आणि या दोघांच्या मधे उभं राहायला एक हुशार, गोडबोल्या, घरंदाज माणूस हवाय. शेवटच्या वाक्याला मी छातीवर हात ठेवला.

"दलाल?" वडील म्हणाले. एखाद्या रोगाचं नाव घ्यावं तसं.

"शेजारणी विचारतील मुलगा काय करतो, तर मी काय सांगू?" आई म्हणाली.

"घरं दाखवतो म्हणून सांग."

"घरं काय, नुमाइश आहे दाखवायला?"

माझी बाजू घेतली ती एकट्या आत्यानं. ती वडिलांची थोरली बहीण, आमच्या समोरच राहायची. विड्यानं तोंड लाल, आवाज खणखणीत, आणि उर्दू अशी की वडिलांचे मुन्सिफ खजील व्हावेत. ती म्हणाली, "त्या तालुक्यात वाघ आहेत म्हणे. वाघापेक्षा दलाल बरा. निदान पोरगं अख्खं राहील."

वडिलांनी मग त्यांच्या मानानं भाषणच केलं. "पहिल्या तारखेला हजर व्हायचं असतं. तोवर तू कुठं हिंडतोस ते मी विचारणार नाही."

मला एवढं पुरे होतं. मी मनाशी ठरवलं, या बावीस दिवसांत एक खरा सौदा करायचा. भाड्याचा नाही, विक्रीचा. झाला तर हुकूम परत पाठवायचा आणि शहरात राहायचं. नाही झाला तर वाघ.

घर सापडलं अफझलगंजला, बाजारामागच्या एका शांत गल्लीत. मालक निवृत्त तहसीलदार होते. पांढरी दाढी, शुभ्र शेरवानी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपले कपडे मळके वाटावेत. त्यांच्या मुलानं हिमायतनगरात नवा बंगला बांधला होता, विजेचे दिवे आणि नळाचं पाणी असलेला, आणि म्हातारपणी तिकडे जाऊन राहायचं त्यांनी ठरवलं होतं. गिऱ्हाईकही आयतं मिळालं. बीडकडचे एक मराठी वकील हायकोर्टात वकिली करायला आले होते आणि त्यांना पूल ओलांडून चालत कोर्टात जाता येईल असं घर हवं होतं. बायकामुलं अजून गावीच होती. घराचा कबाला, म्हणजे मालकीचा कागद, वकिलांनी उजेडाकडे धरून, उलटा करून, वास घेतल्यासारखा तपासला आणि म्हणाले, "कागद साफ आहे."

मी खूष झालो. चार दिवसांचं काम, असं वाटलं.

पण नारायणगुड्यातलं घर रिकामं होतं, आणि हे भरलेलं होतं, हा फरक माझ्या ध्यानातच आला नव्हता. घर म्हणजे पुढे दिवाणखाना, मागे पडदा, आणि पडद्यामागे जनाना. राहायच्या खोल्या, स्वयंपाकघर, आड, परसू, सगळं पडद्यामागे. तिथे तहसीलदारसाहेबांच्या बेगम, सुना, बहिणी. परका पुरुष पडद्यापलीकडे जाणं शक्य नव्हतं. म्हणजे मी जे घर विकायला निघालो होतो त्यातली मला दिसलेली एकच खोली होती, आणि तिच्यात आम्ही बसलेलो होतो.

"घर आपका है," तहसीलदारसाहेब म्हणाले. "इत्मिनान से देख लीजिए."

"काय देखू?" वकील माझ्या कानात खेकसले. "हे झुंबर? चूल कुठं आहे? आडाचं पाणी गोड की मचूळ? न्हाणीघराचं पाणी कुठं जातं?"

आणि किंमत? किंमत विचारली की तहसीलदारसाहेब कसनुसे व्हायचे. "आप से क्या मोल-तोल, जो मुनासिब समझें." वकिलांनी काही मुनासिब, म्हणजे वाजवी, समजून सांगावं, तर ते म्हणायचे, "घर पाहिल्याशिवाय मी तोंड उघडत नाही." तोंड ते खरंच उघडत नसत. आम्हाला चहा यायचा. मी प्यायचो आणि घरी सांगायचो नाही. वकिलांचा मात्र त्या पंधरवड्यात रोज उपास होता. तहसीलदारसाहेबांना सगळं समजत होतं. ते त्यांच्यासाठी हिंदू तांबोळ्याकडून विडा आणवायचे, पुड्यावरचा दोराही न सोडता पुढे करायचे, आणि उपासाबद्दल एक अक्षर काढायचे नाहीत.

या पेचावर मीच तोडगा काढला आणि स्वतःवर फार खूष झालो. आत्या! बाईमाणूस, वयस्क, उर्दू फर्डी. तिनं जनान्यात जायचं, घर पाहून यायचं, मी वकिलांना सांगायचं.

पहिल्या दिवशी आत्या पैठणी नेसून टांग्यातून उतरली आणि पडद्याआड गेली. आम्ही बाहेर तीन तास बसलो. मधूनच आतून हसण्याच्या लाटा यायच्या. तहसीलदारसाहेब छताकडे बघायचे, वकील घड्याळाकडे, मी पडद्याकडे. शेवटी आत्या बाहेर आली, चेहरा उजळलेला. टांगा हलल्याबरोबर मी विचारलं, "खोल्या किती?"

"कुणाला ठाऊक! मोजल्या नाहीत."

"तीन तास काय केलंस?"

"प्रत्येक खोलीत माणसं होती रे. माणसांच्या तोंडावर त्यांच्या खोल्या मोजायच्या? एक, दोन, तीन? आपण काय जप्तीला गेलोत?" मग ती पुढे झुकली. "धाकटी सून निजामाबादची. जरीकाम काय सुरेख करते! बेगम तर अशी बाई आहे, अशी बाई आहे, की बस्स."

"आडाचं पाणी?"

"गोड आहे म्हणाल्या."

"तू चाखलंस?"

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की टांग्याचा घोडासुद्धा ओशाळला असता. "मी? त्यांच्या घरचं पाणी?"

वकिलांना मी सांगितलं, पाणी गोड आहे. ते म्हणाले, "साक्षीदारानं स्वतः चाखलं काय?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "ऐकीव. ग्राह्य नाही."

आठवड्यानं दुसरी खेप. या वेळी मी आत्याकडून प्रश्न पाठ करून घेतले. खोल्या, चूल, न्हाणी, भिंतीला ओल, छताला वाळवी. ती शाळेतल्या पोरीसारखी घडाघडा म्हणून दाखवायची. चार तास आत राहिली. बाहेर आली ती लोणच्याची कृती घेऊन. प्रश्न? "निघतच नव्हते गं बाई तोंडातून," ती स्वतःलाच म्हणाली. "त्या आपल्या सुखदुःखाचं बोलत होत्या, आणि मी मधेच वाळवी काढू?" दोन गोष्टी मात्र कळल्या, चूल पूर्वेला आहे आणि ओल कुठेही नाही. मी तेवढ्यावर वकिलांसमोर असा काही स्वयंपाकघराचा देखावा उभा केला, पूर्वेचं कोवळं ऊन, पितळी भांडी, चुलीपुढे बसलेली त्यांची स्वतःची पत्नी, की वकिलांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. त्यांनी मला हळूच एक आकडा सांगितला. मी तो तहसीलदारसाहेबांना, हवामानाबद्दल बोलावं तसा, ऐकवला. ते म्हणाले, "बहुत खूब." याचा अर्थ हो, असं मी धरलं. बयाणा, म्हणजे विसार, द्यायचा दिवस ठरला, महिना संपायच्या दोन दिवस आधी.

त्याच्या आदल्या दिवशी आत्या तिसऱ्यांदा जाऊन आली, निरोप घ्यायला म्हणे. परतताना टांग्यात तिनं एकाही सुनेचं कौतुक केलं नाही. मी माझ्याच आनंदात होतो. सुलतान बाजारच्या चौकात मी तिला सांगितलं, उद्या बयाणा, परवा मी हुकूम परत पाठवतो.

"बयाणा देऊन काय करणार?" ती म्हणाली. "घर त्यांचं कुठं आहे?"

"कुणाचं?"

"तहसीलदारांचं. घर बेगमचं आहे. निकाहाच्या वेळी मेहरमध्ये, नवरीच्या हक्काचं म्हणून, लिहून दिलेलं. तो कागद तिच्या पेटीत आहे, मला दाखवला. सासऱ्यांनी दिलं होतं, कबाल्यावर अजून त्या सासऱ्यांचंच नाव आहे. तिला विकायचं नाही. सुनेच्या बंगल्यात पाहुणी म्हणून मरायचं नाही म्हणते."

मी टांगा थांबवला. मी खरंच टांग्यात उभा राहिलो. भर चौकात, मागे बैलगाड्यांची रांग लागलेली, आणि टांगेवाला ओरडतोय, "बैठ जाओ साब, नाटक कैकू करते?"

"तुला हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"पहिल्या दिवशी! आणि सांगितलं नाहीस?"

"तू खोल्या किती ते विचारलंस," आत्या शांतपणे म्हणाली. "घर कुणाचं, हे तू विचारलंच नाहीस. आणि तिनं मला विश्वासानं सांगितलं होतं."

"नवरा तिला काही बोलला नाही?"

"नाही ना! तेच तर. चाळीस वर्षांत त्यांनी तिला कधी काही विचारलं नाही, आता कसं विचारायचं, म्हणून दिवाणखान्यात बसून तुम्हाला चहा पाजताहेत. आत सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्या वाट बघताहेत, हे कधी विचारतात म्हणून. पैजा लागल्यात."

म्हणजे गेला पंधरवडाभर आम्ही तिघं पुरुष, एक पेशकाराचा मुलगा, एक वकील, एक तहसीलदार, तिघंही कागदांवर जगणारे, एका घराचा सौदा करत होतो आणि घराची मालकीण पडद्याच्या पलीकडे, दहा पावलांवर, सुपारी कातरत बसली होती. आम्ही तिला विचारलं नाही, कारण आमच्याकडे सभ्य माणूस दुसऱ्याच्या घरच्या बायकांचा विषय काढत नाही. घर विकण्याचा विषय काढतो. त्यात असभ्य काही नाही.

रात्रभर नाही म्हटलं तरी मी संतापत होतो. आत्यावर, वकिलांवर, स्वतःवर. गप्प बसावं, असंही मनात येऊन गेलं. बयाणा घेऊ द्यावा, दलाली पदरात पडू द्यावी, पुढचं नवराबायको बघतील. कागद साफ आहे असं वकीलच म्हणाले होते, मी नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दिवाणखान्यात बसलो. वकिलांनी कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. इतका वेळ लावून घातला, की माझ्या तोंडून निघून गेलं. मी उठून, वाकून, आदाब करून म्हणालो, "साहब, गुस्ताखी माफ. बेगमसाहिबा से पूछ लिया?"

वकिलांचा हात खिशातच राहिला. फितूर झालेल्या साक्षीदाराकडे बघावं तसे ते माझ्याकडे बघू लागले. तहसीलदारसाहेबांनी चहाची प्याली बशीत ठेवली. मला वाटलं, आता हे मला बाहेर काढणार, आणि तेही इतक्या अदबीनं की मला फाटकाबाहेर गेल्यावर कळेल. पडद्यामागचा अडकित्ता थांबला होता.

"नहीं," ते म्हणाले. "नहीं पूछा."

मग ते उठले. शेरवानीची वरची दोन बटणं उघडी होती, ती त्यांनी लावली. टोपी सरळ केली. स्वतःच्या बायकोला भेटायला जाताना त्यांनी दरबारात जावं तशी तयारी केली आणि पडदा उचलून आत गेले.

वकील दबक्या आवाजात फुत्कारले, "तुम्ही दलाल आहात की उलट बाजूचे वकील?" मी विड्याचा पुडा त्यांच्यापुढे सरकवला.

अर्धा तास गेला. आत आधी एका बाईचा आवाज, न थांबता, बराच वेळ. मग पुरुषाचा, अगदी थोडा. मग हसणं. पैज कुणीतरी जिंकली असावी.

तहसीलदारसाहेब बाहेर आले तेव्हा बटणं उघडी होती. "माफ फरमाइए," ते वकिलांना म्हणाले, "घरवाली नहीं मानतीं." हे वाक्य त्यांनी पडलेल्या चेहऱ्यानं म्हणायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी पोराचा व्हावा तसा झाला होता, ज्याला बाहेर जायला मनाई झालीय आणि ज्याला जायचंच नव्हतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा चहा मागवला. वकील निघून गेले. विडा तसाच राहिला.

मी गल्लीतून चालत बाहेर आलो आणि माझ्या लक्षात आलं, की मला आनंद झालाय. वीस दिवसांची धावपळ पाण्यात गेली, शहर हातचं गेलं, वाघ समोर उभे, आणि मी रस्त्यानं हसत चाललो होतो! मग मात्र मला स्वतःचा भयंकर राग आला. सौदा मोडल्यावर ज्याला एवढा आनंद होतो, त्यानं दलाल कसं व्हावं? गवळ्याला दूध सांडल्याचं सुख वाटायला लागलं तर म्हशींनी कुणाकडे बघायचं? बोलणं होतं माझ्याकडे, हात पसरून हवा दाखवणं होतं, सगळं होतं. पण खिशातून हात बाहेर येईपर्यंत गप्प बसणं नव्हतं, आणि धंदा नेमका तिथे होतो.

घरी येऊन मी घडलं ते सगळं सांगितलं, आणि तालुक्याला जातो म्हणालो. वडील "हं" म्हणाले. मग थोड्या वेळानं, न विचारता, म्हणाले, "असं तोंड कचेरीतही चालत नाही. पण तिथं पगार चालू राहतो."

आत्या मात्र भडकली. मी निर्णय फिरवल्याचं ऐकून ती पदर खोचून आमच्या अंगणात आली. "जातोस म्हणजे? मी शुक्रवारी हिमायतनगरचं एक घर बघायला येते म्हणून शब्द दिलाय! बेगमच्या मावसबहिणीचं. तिला खरंच विकायचंय."

"आत्या, मी दलाली सोडली."

"तू सोड. मी कुठं दलाल आहे?"

ती शुक्रवारी एकटीच टांगा करून गेली. हे मला तालुक्यात, कचेरीच्या पडवीत, आईच्या पत्रातून कळलं. आत्यानं त्या घरातही चार तास बसून खोल्या मोजल्या नव्हत्या. पण बायका-बायकांत बोलणं झालं, वकिलांची पत्नी तेवढ्यात गावाहून आली होती, आत्यानं पुढच्या खेपेला तिला सोबत नेलं, आणि एका दुपारी आड, चूल, किंमत सगळं पडद्यामागे ठरून गेलं. बाहेर दिवाणखान्यात पुरुषांना फक्त कळवण्यात आलं, आणि वकिलांना हेही, की आता कोर्टात चालत नाही, टांग्यानं जायचं.

दलाली द्यायला वकील स्वतः आत्याकडे गेले, तर तिनं त्यांना दारातूनच परत पाठवलं. आईनं शेवटी लिहिलं होतं, "आत्याने निरोप सांगितला आहे की आपल्या घरात दलालीचा पैसा यायचा नाही, तू तिथे मन लावून काम कर." पत्र मी दोनदा वाचलं. मग घडी करून खिशात घातलं आणि त्या दिवशीच्या नकला करायला बसलो. एक नक्कल मला तीन वेळा लिहावी लागली, कारण दात आवळून लिहिताना अर्जदाराच्या नावाच्या जागी मी दोनदा 'आत्या' असं लिहून गेलो होतो.